हातच्या काकणाला आरसा

शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा कोणताही जाडजूड ग्रंथ उघडला तरी त्यात एका मराठी माणसाची गाठ पडतेच. त्याचे नाव कावसजी. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात त्याच्याविषयीचे एक पत्र छापून आले आणि त्या पत्राने त्याला अमर केले. पत्रातली हकीकत थोडक्यात अशी. कावसजी हा शेतकरी जातीतला मराठा, इंग्रजी फौजेत बैलगाडी हाकणारा. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. तशा स्थितीत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळावरची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. हे सारे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने तसाच प्रयोग केला, १८१४–१५ मध्ये दोन रुग्णांना नाके बसवली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या वंशावळीत पुण्याच्या त्या अनाम कारागिराचे स्थान असे मूळपुरुषाचे आहे.

ही कथा आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते आणि अभिमान वाटण्यासारखी ती आहेच. पण ती वाचताना आम्हांला दर वेळी एका गोष्टीची चुटपुट लागते. नाकाचे सर्व काही कळते. कातडीचा तुकडा किती, मेणाचा साचा कसा, पट्टी कधी सोडायची, सारे तपशील पत्रात आहेत. हाताचा उल्लेख मात्र एका वाक्याच्या एका कोपऱ्यात येतो आणि संपतो. डावा की उजवा, मनगटापासून की वरून, याची कुणीच चौकशी केलेली दिसत नाही. ज्या हाताने बैलांचे कासरे धरले तो हात गेल्यावर या गाडीवानाने काय केले? रात्री त्याला तो हात जाणवत असेल का? सव्वादोनशे वर्षे जग कावसजीच्या नाकाकडे पाहत राहिले; हाताकडे कुणी पाहिले नाही.

या प्रश्नाशी आमचा संबंध काय, असे वाचक विचारतील. आम्ही भाईंदरचे रहिवासी. वेल्स १७९५ मध्ये ज्या साष्टी बेटावरच्या कान्हेरीच्या लेण्यांची चित्रे काढण्याच्या कामात असताना तापाने आजारी पडून वारला, त्याच बेटाच्या उत्तर टोकाला आमचे गाव. पण हा झाला योगायोग. खरा संबंध वेगळा आहे. एके काळी मिठागरांसाठी ओळखले जाणारे हे गाव पुढे स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी ओळखले जाऊ लागले. पूर्वेच्या बाजूला गाळ्यांच्या रांगाच रांगा आहेत. गोल कापलेला पत्रा डायवर ठेवायचा, प्रेस खाली येतो, पत्र्याची वाटी होते. पत्रा काढायचा, दुसरा ठेवायचा. दिवसभर. हात ठेवण्याच्या आणि प्रेस खाली येण्याच्या मध्ये क्षणाचे अंतर असते आणि ते कधी तरी चुकते. ज्या गावात वाट्या, डबे आणि पातेली घडतात, त्या गावात बोटे तुटलेली माणसे दिसतातच.

आमच्या परिचयाचे असेच एक गृहस्थ आहेत. बरीच वर्षे प्रेसवर होते; उजवा हात कोपराच्या थोडा खाली संपतो. डाव्या हाताने चहाचा पेला उचलत ते एकदा सहज म्हणाले, “मूठ सुटत नाही हो.” आम्ही त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिले. ते हसले. “ही नाही. ती.” जो हात नाही, त्याची मूठ वर्षानुवर्षे आवळलेली आहे, नखे तळव्यात रुततात आणि काही रात्री झोप येत नाही, हे त्यांनी आधी एका डॉक्टरांना सांगितले होते. ‘मनाचे खेळ आहेत, सवय होईल’, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी सांगणे सोडले. मनाचे खेळ या दोन शब्दांमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो इतिहास स्वतः दोनदा फिरला आहे. तो मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

*

गंमत अशी की या इतिहासाचा एक धागा पुण्याच्या त्या नाकाशीच येऊन मिळतो. कपाळाची कातडी वळवून नाक केले की काही काळ तिचा देठ कपाळाशी जोडलेला असतो. रक्तपुरवठा तिथूनच होतो. योहानेस म्युलर हा जर्मन शरीरशास्त्रज्ञ १८३० च्या दशकात नोंदवतो की, असा देठ शाबूत असेपर्यंत नव्या नाकाला हात लावला तर रुग्णाला स्पर्श कपाळावर जाणवतो. कातडी खाली आली, पण तिची ‘नोंद’ कपाळावरच राहिली! म्हणजे स्पर्श जिथे होतो तिथे तो जाणवतो, हा आपला रोजचा समज पुरता खरा नाही. शरीराचा एक नकाशा आत कुठे तरी आहे आणि शरीर बदलले म्हणून तो नकाशा लगेच बदलत नाही. कावसजीला कुणी विचारले असते, तर त्याच्या एकाच देहात या गोष्टीचे दोन पुरावे सापडले असते: एक नाकावर आणि दुसरा, कदाचित, गेलेल्या हाताच्या जागी.

हाताचा पुरावा गोळा करायला एक मोठे युद्ध लागले. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) हातपाय तोडलेल्या सैनिकांची संख्या इतकी झाली की, फिलाडेल्फियात मज्जातंतूंच्या जखमांसाठी वेगळे रुग्णालय उघडावे लागले. तिथल्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरने पाहिले की, तुटलेला अवयव अजून आहे असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. त्याच्या पाहणीतल्या ९० जणांपैकी ८६ जणांचा अनुभव असाच होता. मिचेलने ही गोष्ट प्रथम मांडली ती १८६६ मध्ये एका मासिकात निनावी कथा लिहून. वैद्यकीय निबंध नंतर, १८७१–७२ मध्ये आला. ‘भूत’ या अर्थाचा शब्द अवयवाला जोडून त्या अनुभवाचे नामकरणही त्यानेच केले. नाव लोकप्रिय झाले आणि त्याने नुकसानही केले, असे आम्हांला वाटते. भुतावर विश्वास ठेवणारा अडाणी ठरतो. भुताचा हात दुखतो म्हणणाऱ्याचे मग काय होणार? आम्ही या लेखापुरता ‘भासमान हात’ असा शब्द वापरतो. भास आहे, पण भासालाही घर असते.

ते घर सापडले १८७० मध्ये, बर्लिनमध्ये. फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघा तरुण डॉक्टरांनी हिट्झिगच्या घरीच, टेबलावर, कुत्र्याच्या उघड्या मेंदूला क्षीण विजेचा स्पर्श करून पाहिला. मेंदूच्या पुढच्या भागातल्या एका विशिष्ट जागी स्पर्श केला की समोरच्या बाजूचा पंजा हलतो. जागा जरा बदलली की दुसरा स्नायू हलतो. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ह्यूलिंग्ज जॅक्सनने अपस्माराचे झटके अंगठ्यापासून हातात, हातातून चेहऱ्यात कसे ‘चालत’ जातात हे पाहून असाच नकाशा तर्काने मांडला होता. पुढे माँट्रिअलच्या वाइल्डर पेनफिल्डने जाग्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना माणसाचा नकाशा काढला. त्याचा आणि बोल्डरीचा निबंध १९३७ चा. मेंदूच्या दोन्ही बाजूंना कानापासून डोक्याच्या मध्यापर्यंत जाणारी एक चिंचोळी पट्टी आहे, तिला चालक क्षेत्र म्हणतात. वर पाय, मग धड, मग दंड, मग हात आणि खाली चेहरा. तिच्या मागेच, समांतर, स्पर्शाची पट्टी. दोन्ही पट्ट्यांत हाताची जागा प्रचंड. पाठीला मिळत नाही तेवढी जागा एकट्या अंगठ्याला मिळालेली. हाताने जग घडवणाऱ्या प्राण्याचाच हा नकाशा.

साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला. हात गेला, तर एवढ्या मोठ्या जमिनीचे काय होते?

*

जमीन हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळालेले उत्तर आपल्याकडच्या माणसाला एका घोषणेत समजावे असे होते: कसेल त्याची जमीन. मुंबई राज्याचा कुळकायदा १९४८ चा. मेंदूचा कुळकायदा साधारण १९८० च्या दशकात ‘मंजूर’ झाला.

त्याआधी पक्के मत असे होते की, बालपण सरले की मेंदूचा नकाशा दगडावर कोरल्यासारखा होतो. अमेरिकेत मर्झेनिक आणि कास यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी माकडांच्या हाताची एक नस कापून काही काळाने नकाशा पुन्हा काढला, तेव्हा त्या नसेची जागा ओसाड न पडता शेजारच्या बोटांना प्रतिसाद देऊ लागलेली दिसली. १९९१ मध्ये टिम पॉन्स आणि सहकाऱ्यांनी, ज्यांच्या हाताच्या संवेदनांच्या नसा बारा वर्षांपूर्वी कापल्या होत्या अशा माकडांच्या मेंदूत, हाताच्या जागेवर चेहऱ्याचा कबजा पाहिला. तोही सेंटिमीटरभराहून अधिक. मेंदूच्या मापाने हे म्हणजे गावच्या गाव गेल्यासारखे. ती माकडे प्राण्यांच्या छळाच्या एका गाजलेल्या खटल्यातली होती, हेही इथे नोंदवले पाहिजे. ज्ञानाचे हातही स्वच्छ असतातच असे नाही.

ही झाली स्पर्शाची पट्टी. चालक पट्टीतही तेच दिसू लागले. डोनोह्यू आणि सेन्स यांनी उंदरांच्या मिशांची नस कापली, तेव्हा मिशा हलवणारी जागा काही काळाने पुढचा पाय हलवू लागली. माणसाच्या बाबतीत कवटी उघडण्याची सोय नव्हती. ती अडचण शेफील्डच्या अँथनी बार्करने १९८५ मध्ये दूर केली. डोक्याबाहेर धरलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद सोडला की खालची चालक पेशी जागी होते आणि स्नायू हलतो. हे यंत्र घेऊन लिओनार्डो कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हात गमावलेल्या माणसांची चालक पट्टी तपासली. थोट्या हाताच्या उरलेल्या स्नायूंना हलवणारी जागा धडधाकट बाजूपेक्षा विस्तृत निघाली. निष्कर्ष सरळ वाटला. हाताची जमीन पडीक पडली, शेजारच्या दंडाने नांगर घातला.

आणि मग या कथेला तिचा सर्वांत मोठा कथाकार मिळाला. चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले व्ही. एस. रामचंद्रन. त्यांनी हात गमावलेल्या तरुणाच्या गालावर कापसाचा बोळा फिरवला आणि तो म्हणाला, माझ्या अंगठ्याला स्पर्श होतो आहे. चेहऱ्याने हाताची जागा घेतली, याचा माणसातला पुरावा म्हणून ही नोंद जगभर गाजली. १९९५ मध्ये जर्मनीत हेर्टा फ्लोर यांनी दाखवले की, चेहऱ्याची सरकण जितकी अधिक तितकी भासमान हाताची वेदना अधिक. आता इलाजही सुचला: बळकावलेली जमीन परत मिळवून द्या, म्हणजे वेदना जाईल.

रामचंद्रन यांची आरशाची पेटी या काळातली. एका खोक्यात उभा आरसा लावायचा. चांगला हात आरशासमोर ठेवायचा, थोटा हात आरशामागे. मग चांगला हात हलवत आरशात पाहायचे. प्रतिबिंबामुळे गेलेला हात परत आल्यासारखा दिसतो, आणि तो उघडतो, मिटतो. आवळलेली मूठ सुटल्याचे काहींनी सांगितले. २००७ मध्ये पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांवरच्या एका छोट्या चाचणीत आरशाने वेदना उतरलेली दिसली. पुढच्या चाचण्यांचे कौल मात्र संमिश्र आले. हातच्या काकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. जे डोळ्यांसमोर आहे त्याला पुरावा नको. पण हातच नसेल तर? ज्याच्या हाताची साक्ष त्याच्या एकट्याशिवाय कुणीच देत नाही, त्याला आरसा लागतो. या साध्या खोक्याने दुखणाऱ्याला प्रथमच म्हटले की, तुझा हात आम्हांला मान्य आहे. आमच्या मते त्याचे मोल चाचण्यांच्या आकड्यांपलीकडचे आहे.

*

कुळकायद्याची ही कथा इतकी देखणी होती की ती पाठ्यपुस्तकांत गेली, लोकप्रिय पुस्तकांत गेली आणि आम्हीही ती अनेकांना रंगवून सांगितली, हे कबूल करतो. मात्र तिच्यात एक अडचण पहिल्यापासून होती आणि ती आमच्या परिचित गृहस्थांच्या एका वाक्यात आहे. मूठ सुटत नाही. हाताची जागा जर दंडाने आणि ओठांनी नांगरली असेल, तर ही मूठ आवळतो कोण?

स्वतः कोहेन यांच्या १९९१ च्या प्रयोगातही, चुंबकीय स्पंदाने काहींना भासमान हात हलल्याचा अनुभव आला होता. हाताची आज्ञा म्हणजे ओसाड जागेत कुणी तरी राहत होते. २००६ मध्ये ल्योंच्या अँजेला सिरिगू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. दंडाच्या स्नायूंची म्हणून जी जागा मानली जात होती तिथे स्पंद दिला, तरी रुग्णाला गेलेला हात हलल्यासारखे वाटते. आणि रुग्णाने भासमान बोटे हलवली की थोट्या हाताचे स्नायू आखडतात, पण तेच स्नायू मुद्दाम हलवताना आखडतात त्याहून वेगळ्या रीतीने. मग १९९१ च्या नकाशाचा दुसराच अर्थ संभवतो. दंडाने हाताची जागा बळकावली नसून, हाताच्या आज्ञा जुन्याच कचेरीतून अजून निघतात. त्यांचा जुना पत्ता बंद झाल्यामुळे त्या वाटेत उरलेल्या स्नायूंच्या दारी पोहोचतात. पोस्टमनने शेजाऱ्याकडे पत्र टाकले म्हणून शेजारी घराचा मालक होत नाही.

ऑक्सफर्डमध्ये, लंडनमध्ये आणि पुढे केंब्रिजमध्ये तमार मेकिन यांनी हा धागा नेटाने लावून धरला. त्यांच्या २०१३ च्या निबंधात भासमान हाताची वेदना आणि मेंदूतल्या हाताच्या जागेचे टिकून राहणे यांची सांगड दिसली. फ्लोर यांच्या निष्कर्षाच्या नेमकी उलट. २०२३ मध्ये त्यांनी जॉन क्राकाउर यांच्यासह मेंदूच्या ‘पुनर्रचने’च्या गाजलेल्या उदाहरणांची उलटतपासणीच घेतली. आक्षेप तरीही उरतच होता. हात गेल्यानंतरचा मेंदू तुम्ही पाहता; जाण्याआधीचा कुणी पाहिला आहे? तुलना दुसऱ्या माणसाशी करून काय कळणार?

त्याचे उत्तर ऑगस्ट २०२५ मध्ये आले. वैद्यकीय कारणाने ज्यांचा हात काढावा लागणार हे आधीच ठरले होते अशा तिघांचे मेंदू, केंब्रिज आणि अमेरिकेतले संशोधक मिळून, शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय यंत्रात तपासत होते. बोटे एकेक हलवा, ओठ मुरडा, अशा सूचना. मग हात काढला गेला. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि पुढे एकाच्या बाबतीत पाच वर्षांनीही तीच तपासणी झाली. आता बोटे भासमान होती. नकाशा जवळपास होता तसाच निघाला. आधीच्या नकाशावर शिकवलेली गणकयंत्राची प्रणाली, नंतर कोणते भासमान बोट हलते आहे ते ओळखू शकत होती. ओठ आपल्या जागीच होते.

तिघेच, हे खरे. यामुळे मेंदू काहीच शिकत नाही असेही ठरत नाही. एकच हात उरलेला माणूस त्या हाताने नवी कामे शिकतो, डाव्याने सही करतो, दातांनी गाठ सोडतो. या सरावाच्या खुणा मेंदूत दिसतात. जन्मतःच हात नसलेल्यांच्या मेंदूत तर पाय, ओठ आणि दंड खरोखरच हाताच्या जागेत वावरताना आढळले आहेत. जिथे हाताच्या नावाची नोंदच कधी झाली नाही, तिथे कुळकायदा चालतो. पण ज्याने वीसतीस वर्षे हात वापरला, त्याच्या मेंदूतला सातबारा हाताच्याच नावावर राहतो. कसणारा गेला तरी नाव खोडले जात नाही.

*

हा वाद केवळ पंडितांचा असता तर आम्ही तो इथे आणला नसता. त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात गाडी पकडताना फलाट आणि डबा यांमधल्या पोकळीत पडून एका महाविद्यालयीन मुलीचे दोन्ही हात गेले. मुंबईकरांना ती घटना आठवत असेल. त्यानंतरच फलाटांच्या उंचीचा प्रश्न ऐरणीवर आला. ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल रुग्णालयात डॉ. नीलेश सातभाई यांच्या पथकाने तिला दात्याचे दोन्ही हात बसवले. मुंबईतले असे हे पहिले रोपण. (भारतातले पहिले कोची येथे २०१५ मध्ये झाले होते.) मधे साडेसहा वर्षे गेली होती. हाडे, रक्तवाहिन्या, स्नायुबंध, नसा शल्यवैद्य जोडतो. नसा दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने वाढत बोटांकडे जातात. पण त्या नसांतून जाणारी आज्ञा कोण देणार? साडेसहा वर्षांत हाताची जागा दुसऱ्यांनी वाटून घेतली असती, तर नवे हात गोदीत येऊनही माल उतरवून घेणारे कुणी नसते. ल्योंमध्ये जानेवारी २००० मध्ये दोन्ही हात बसवलेल्या माणसाचा मेंदू सिरिगू यांच्याच पथकाने तपासला होता आणि हाताचे चालक क्षेत्र काही महिन्यांत आपल्या जुन्या जागी कार्यरत झालेले पाहिले होते. तेव्हा त्याचा अर्थ ‘जमीन परत मिळाली’ असा लावला गेला. आज तोच निकाल वाचताना वाटते, ती बहुधा गेलीच नव्हती.

हेच कृत्रिम हाताचे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी काढलेले. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ ची. आपल्याकडे या क्षेत्रात ऐंशी वर्षांचे काम आहे. बराच काळ कृत्रिम हात खांद्याच्या पट्ट्याने ओढून चालवावा लागे. म्हणजे मूठ मिटण्यासाठी खांदा उचलायचा. मेंदूला ही आज्ञा परकी. पुढे थोट्या हातातल्या स्नायूंच्या विजेवर चालणारे हात आले. शिकागोच्या टॉड क्यूकेन यांनी २००० नंतर आणखी एक पाऊल टाकले. तुटलेल्या हाताच्या नसा छातीच्या किंवा दंडाच्या स्नायूत नेऊन रुजवल्या. माणसाने ‘मूठ मिट’ म्हटले की तो स्नायू आखडतो आणि यंत्राचा हात मूठ मिटतो. जुन्याच आज्ञेला नवा पत्ता दिला, एवढेच. याच उपायाने अनेकांची वेदनाही कमी होते असे दिसून आले आहे. पत्र पोहोचले की पोस्टमनची वणवण थांबत असावी.

आता पुन्हा आमच्या गावाकडे. कामावर अंग गमावलेल्याला भरपाई देणारा कायदा १९२३ चा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो सामावून घेतला गेला. त्याच्या अनुसूचीत कमाईची क्षमता किती गेली याचा तक्ता आहे. खांद्यातून हात गेला तर ९० टक्के. खांद्याच्या टोकापासून २०.३२ सेंटिमीटरपेक्षा कमी उरला तर ८०. त्याखाली, कोपराच्या टोकाखाली ११.४३ सेंटिमीटरच्या आत संपला तर ७०. आणखी खाली गेला किंवा नुसता पंजा गेला तर ६०. अंगठा ३०. तर्जनी १४. ही विचित्र दशांशे आठ आणि साडेचार इंचांची भाषांतरे आहेत. या तक्त्याची आम्ही टवाळी करणार नाही. टेप लावून मोजता येते म्हणूनच तो न्यायालयात टिकतो. अंगठ्याला तर्जनीच्या दुपटीहून अधिक भाव देणारा हा तक्ता मेंदूच्या नकाशाशी थोडाफार जुळतोही. श्रमाचा अनुभव प्रयोगशाळेआधी शहाणा होतो, त्याचे हे उदाहरण. पण टेप फक्त उरलेला हात मोजते. गेलेला हात दुखतो, त्याची नोंद करायला या तक्त्यात रकाना नाही.

आमच्या परिचित गृहस्थांना त्यांच्या थोट्या हाताची भरपाई मिळाली, सेंटिमीटरच्या हिशेबाने. मुठीचा विषय कुठल्याच कागदावर आला नाही. मध्यंतरी आम्ही त्यांना २०२५ च्या त्या संशोधनाविषयी, जमेल तसे, सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी थोटा हात टेबलावर ठेवला आणि कोपराखालच्या स्नायूकडे बोट दाखवले. “बघा. मी ती मूठ आवळतो तेव्हा हे हलतं.” खरोखरच कातडीखाली एक बारीक वळी उठली आणि विरली. “हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे,” ते म्हणाले, “पण विचारलं कुणी?”

ल्योंच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये मोठ्या यंत्रांनी जे मोजले, ते भाईंदरच्या एका गाळ्यातल्या माणसाला त्याआधीपासून माहीत होते. कावसजीलाही बहुधा ठाऊक असावे. त्याला कंपनीने निवृत्तिवेतन दिले, चित्रकाराने चित्र काढले, दोन खंडांतल्या वैद्यांनी त्याच्या नाकाची मापे घेतली. हातापुरता एक प्रश्न विचारायचा राहिला. थोटा हात घेऊन समोर बसलेल्या माणसाला, मग तो बाह्यरुग्ण विभागात असो की भरपाईच्या सुनावणीत, एवढेच विचारावे: तुमचा हात आता काय करतो आहे?

उत्तर ऐकून चकित होण्याची तयारी मात्र ठेवावी.